मुमताजच्या फोटोखाली

शिरपूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. शाळा सुटल्यावर मुलं आपापल्या रिक्षात बसेपर्यंत फाटकाशी उभं राहायचं, अशी पाळी आम्हा शिक्षिकांमध्ये वाटलेली आहे. गुरुवार माझा. त्यामुळे मुमताज शेखला मी कित्येक वर्षं जवळून बघत आलेय, आणि या गावाने तिच्याशी जे केलं तेही जवळूनच बघितलं. ते आठवलं की अजून माझा आवाज चढतो. चढू दे.

रिक्षा मुळात तिच्या नवऱ्याची, नासीरभाईंची. सेंधव्याकडून येणाऱ्या एका ट्रकने त्यांना उडवलं, कंबरेचं हाड मोडलं आणि रिक्षा चालवणं कायमचं सुटलं. रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली उभी. दीर म्हणाला, विकून टाकू. मुमताज म्हणाली, "विकायची कशाला? मला शिकवा." घरचे हसले. नासीरभाई हसले नाहीत. मागच्या सीटवर उशी टेकून ते बसले आणि बैलबाजाराच्या रिकाम्या मैदानात त्यांनी बायकोला रिक्षा शिकवली. स्टँडवरचे रिक्षावाले काही दिवस गंमत बघायला यायचे. ती लायसन घेऊन आली तेव्हा त्यांची गंमत संपली.

पंजाबी ड्रेसवर खाकी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी हाक मारली तर शेवटच्या घरातलं पोरगं दप्तर घेऊन पळत यायचं. रिक्षात ती पोरं कोंबायची नाही. आणि तिचा एक कायदा होता. दारात घरचं माणूस दिसल्याशिवाय मूल खाली उतरायचं नाही. त्या माणसाच्या हातात मुलाचा हात द्यायचा, मगच पुढे निघायचं. आई बाजारात गेलेली असली तर मुमताज रिक्षा बंद करून दारात बसून राहायची. मागची पोरं भुकेने कितीही ओरडू देत. मग आई आली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. जीभ तिखट, हे मी नाकारत नाही. पण ज्यांच्या मुलांना ती रोज हातात देत होती, त्या बायका तिचं ते बोलणं हसून घ्यायच्या.

शाळेच्या समोरच्या बंगल्यात हिलाल नाना राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कुठल्याही सत्कारात पहिल्या रांगेत खुर्ची. आपली गाडी ते सावलीसाठी नेमकी फाटकाजवळ लावायचे, रिक्षा उभ्या राहतात तिथे. मुलांना गटारीच्या काठाकाठाने यावं लागायचं. आम्ही शिक्षिका "नाना, जरा गाडी तेवढी..." म्हणायचो, ते हसून मान हलवायचे आणि गाडी तिथेच. एक दिवस एक मुलगी गटारीत पडली. मुमताजने तिला बाहेर काढलं आणि त्याच चिखलाच्या हाताने नानांच्या फाटकाची कडी वाजवली.

"नाना, तुमच्या गाडीला सावली पाहिजे, आमच्या पोरांना रस्ता पाहिजे. आधी रस्ता. गाडी काढा."

रस्त्यावर वीस-पंचवीस पालक उभे होते. नानांनी गाडी काढली. विषय मिटला असं आम्ही समजलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, माझ्या पाळीच्या एका गुरुवारी, पहिलीतला चिकू पायरीवरून पडला. गुडघा खरचटला होता. मी तो पुसला, पण पोरगं आईसाठी हट्टाला पेटलेलं, रिक्षात बसेना. मुमताजने त्याला उचललं. तो हातपाय झाडत होता, किंचाळत होता. "चल रे राजा, आईकडेच नेते तुला," असं म्हणत तिने त्याला छातीशी धरून आत बसवलं. घरी जाऊन त्याचा हात त्याच्या आईच्या, दिपमालाच्या हातात दिला, गुडघ्याचं सांगितलं. दिपमालाने तिला पाणी दिलं. झालं ते एवढंच.

संध्याकाळी गावाच्या मोबाईलमध्ये फोटो आला.

आमच्या गावात 'जागरूक शिरपूरकर' नावाचा एक ग्रुप आहे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला प्रेमराज तो चालवतो. नळाला पाणी कधी येणार इथपासून कुणाची म्हैस हरवली इथपर्यंत सगळं त्यात येतं, आणि अर्धं गाव त्यात आहे. त्यात नाव न दाखवता लिहायचीही सोय आहे. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी 'अनामिक सदस्य' एवढंच दिसतं. त्या संध्याकाळी अशाच एका अनामिक सदस्याने लिहिलं होतं:

"सावधान! शाळेच्या परिसरातून लहान मुलांना जबरदस्तीने उचलून नेणारी महिला. मूल किंचाळत असताना कुणीही अडवलं नाही. आपली मुलं सांभाळा. जास्तीत जास्त शेअर करा."

खाली मुमताज, आणि तिच्या हातात हातपाय झाडणारा चिकू. फोटो उंचावरून काढलेला होता. त्यात मी नव्हते. हातभर अंतरावर, चिकूचं दप्तर धरून मी उभी होते, आणि नेमका तेवढा भाग कापून टाकलेला होता. शाळेचं फाटकही कापलेलं. हे चुकून होत नाही. कुणीतरी बसून, बोटाने सरकवून सरकवून केलेलं काम होतं ते.

फोटोखाली काय काय लिहिलं गेलं ते सगळं इथे लिहिण्याची माझी तयारी नाही. "हिचं नाव विचारा, मग सगळं समजेल," असं एकाने लिहिलं. नाव कळल्यावर पुढचे जे सुटले ते विचारू नका. वाघाचा फोटो लावलेल्या एकाने लिहिलं, "असल्यांना चौकात ठोकलं पाहिजे, पोलिसांच्या भरवशावर राहू नका." आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की लिहिणाऱ्यांतले कितीतरी त्याच कॉलनीतले होते, जिथे मुमताज रोज सकाळी हाक मारायची. तिने हातात दिलेलं मूल त्यांच्या घरात जेवत होतं आणि हे मोबाईलवर तिला चौकात ठोकत होते.

हिलाल नानांनी मात्र स्वतःच्या नावाने, हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं होतं, "पूर्ण माहिती घेतल्याशिवाय कुणाविषयी बोलू नये. परंतु सावधगिरी बाळगणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे." त्याला भरपूर अंगठे मिळाले. मलाही ते वाचून वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस आहे.

मी माझ्या नावाने लिहिलं. ही मुमताज शेख, शाळेची रिक्षा चालवते, मुलगा पडला होता, मी स्वतः तिथे उभी होते. त्यावर हसणारी तोंडं आली. एकाने विचारलं, "मॅडमला किती मिळाले?" मी त्याला उत्तर लिहायला घेतलं तर ग्रुपच उघडेना. प्रेमराजने मला काढून टाकलं होतं. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ग्रुपमध्ये वाद नको म्हणून." फोटो टाकणारा आत होता, चौकात ठोकणारा आत होता, आणि वाद करणारी मी!

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मुमताज मुलं घेऊन निघाली आणि नाक्यावर दोन मोटरसायकली आडव्या लागल्या. चार-पाच पोरं होती. एकाने किल्ली काढून घेतली. एकाने मोबाईल तोंडासमोर धरला, "नाव सांग. आधार दाखव. पोरं कोणाची?" बघता बघता गर्दी जमली. गर्दीतले बहुतेक मोबाईल वर धरून उभे. मुमताज खाली उतरली आणि रिक्षाच्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"पोरांना हात लावायचा नाही. जे विचारायचं ते मला विचारा."

कुणीतरी तिचा स्कार्फ ओढला. कुणीतरी दगड घातला आणि पुढची काच फुटली. आत मुलं रडायला लागली. चिकू ओरडत होता, "ही आमची मुमताज मावशी आहे! मावशीला सोडा!" सहा वर्षांचं पोरगं खरं काय ते ओरडून सांगत होतं, आणि ज्यांना मिशा फुटल्या होत्या ते त्याचा व्हिडिओ काढत होते.

नाक्यावर वना नावाचा एक माणूस केळ्यांची गाडी लावतो. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, ग्रुपबिप त्याला माहीत नाही. त्याने आपली केळ्यांची गाडी गर्दीत ढकलली, ती मुमताज आणि त्या पोरांच्या मध्ये आणून उभी केली आणि ओरडला, "अरे, हाई तर आपली रोजनी रिक्षावाली शे! मी रोज देखस तिले! तुम्ही कोन शेतस रे?" मग कुणाकडून तरी त्याने शाळेत फोन लावून घेतला. मी आणि मुख्याध्यापक पोहोचलो तेव्हा पोरं पांगायला लागली होती. शाळेतली माणसं आली म्हटल्यावर वर धरलेले मोबाईल पटापटा खिशात गेले.

मी म्हटलं, "मुमताज, मुलांना आम्ही सोडतो, तू घरी जा." ती म्हणाली, "मी घेतलीत, मीच देणार." फुटक्या काचेची ती रिक्षा घेऊन ती दारोदार गेली आणि एकेका मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात देत गेली. मी स्कूटरवर तिच्या मागे होते. काही दारं नुसती किलकिली उघडली, मूल आत घेतलं गेलं आणि बंद झाली.

दिपमालाच्या दारात मी थांबले. तिला विचारलं, "फोटो बघितला होतास ना तू?"

"हो मॅडम."

"आपलाच चिकू आहे, हे कळलं होतं?"

ती खाली बघायला लागली. "शर्टावरून लगेच कळलं. मी लिहिणार होते. पण हे म्हणाले, आपण कशाला मध्ये पडायचं? लोक आपल्याच मागे लागतील."

"तुझं मूल त्यात आहे, दिपमाला. तू एक ओळ लिहिली असतीस, 'हा माझा मुलगा आहे,' तर सगळं तिथेच थांबलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मला दया आली नाही, आणखी राग आला. रडायला तिला कुणी मनाई केली नव्हती. बोलायला केली होती, आणि ती तिने ऐकली होती.

सोमवारी मुमताज आली नाही. मंगळवारी नाही. मी घरी गेले तर ती अंगणात रिक्षाकडे पाठ करून बसलेली. नासीरभाई म्हणाले, "मॅडम, हिला सांगा. विकून टाकू आता." मुमताज एकदम वळली. "आज रिक्षा विकली तर लोक म्हणतील, बघा, खरं होतं म्हणून पळाली. मला फोटो टाकणारा पाहिजे. फक्त समोर बसून बोलायचंय."

तिची मुलगी आयत फार्मसी शिकते. तिने आधीच पोस्टचे आणि एकूण एक प्रतिक्रियेचे स्क्रीनशॉट काढून मोबाईलमध्ये ठेवले होते. आम्ही तिघी प्रेमराजच्या दुकानात गेलो.

"मला कसं माहीत असणार?" प्रेमराज म्हणाला. "अनामिक म्हणजे अनामिक."

आयत म्हणाली, "काका, आमच्या कॉलेजचा ग्रुप मी चालवते. नाव बाकीच्यांना दिसत नाही, चालवणाऱ्याला दिसतं. पोस्ट मंजूर करताना तुम्ही बघितलंय."

प्रेमराज मोबाईलची कव्हरं उगाच रंगांप्रमाणे लावायला लागला. मग म्हणाला, "हे बघा, लोक विश्वासाने लिहितात. मी नावं फोडायला लागलो तर उद्या कुणी खरं लिहिणार नाही."

"खरं?" मुमताजने टेबलावर हात आपटला. "त्याचा विश्वास तुम्ही सांभाळला भाऊ. माझं काय सांभाळलं?"

त्याने आमच्यासमोर मोबाईल उघडला, पोस्ट पुसून टाकली आणि म्हणाला, "घ्या, काढली. आता काय?" जणू काच पण परत बसली, स्कार्फ पण डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी मुमताज कामाला लागली. आयतचा मोबाईल घेतला आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं, त्यांतली जी घरं तिला माहीत होती त्यांच्या दारात ती जाऊन उभी राहू लागली. सगळी कॉलनी तिला पाठ होती. मी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर जायचे. भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. दार उघडलं की ती एवढंच म्हणायची, "भाऊ, तुम्ही माझ्याविषयी हे लिहिलंय. माझ्या तोंडावर एकदा वाचून दाखवा."

मी त्या दिवसांत जे बघितलं त्यावर माझा विश्वास बसेना. मोबाईलवर जे डरकाळ्या फोडत होते त्यांचं दारात पाणी पाणी. एक प्राध्यापक म्हणाले, "मी नुसतं फॉरवर्ड केलं होतं." एक बाई म्हणाली, "माझा फोन मुलगा वापरतो." एकाने आतूनच निरोप पाठवला की साहेब झोपलेत, आणि साहेबांचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. वाचून मात्र एकानेही दाखवलं नाही. एकालाही ते शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारता येत नव्हते.

वाघाच्या फोटोवाल्याचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. तो एका पतसंस्थेत नोकरीला, मुलगी तिच्या रिक्षात. दार त्याच्या म्हाताऱ्या आईने उघडलं, यशोदाबाईने. मुमताजला बघून ती खूश झाली. "ये वं माय, बस. इतला दिन कथी व्हतीस?" इतके दिवस कुठे होतीस, म्हणून विचारत होती बिचारी. मुलगा बाहेर आला आणि मुमताजच्या हातातला मोबाईल बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला काही वाचता येईना. मग मुमताजनेच मोबाईल माझ्या हातात दिला. मी वाचलं. चौकात ठोकायचं, पोलिसांच्या भरवशावर राहायचं नाही, सगळं.

यशोदाबाईने विचारलं, "हाई कोन लिखं?"

म्हातारीने मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"तू लिखं? हिले तू वयखस ना? तुनी पोर हिना हातमा देतस ना आपण रोज?" हिला तू ओळखतोस ना, म्हणून विचारत होती ती. "मंग आठे दारमा उभा राहीसन बोल ना! तठे काय लपीसन बोलस?"

तो म्हणाला, "आई, सगळे लिहीत होते, म्हणून..."

"सगळास्नं माले सांगू नको. तुनं सांग."

तो मुमताजकडे न बघता "चुकलं" म्हणाला. मुमताज म्हणाली, "माझ्याकडे बघून सांगा." त्याने बघितलं. सांगितलं. एवढ्या घरांतून फिरल्यावर मिळालेली ही पहिली माफी, आणि तीही आईसमोर उभं केलं म्हणून.

दरम्यान पोलीस चौकीतही आम्ही खेटे घालत होतो आणि तक्रार घ्यायला टाळाटाळ चालली होती. "पोस्ट काढली ना बाई, मग आता कशाला?" पण नाक्यावरचा व्हिडिओ जिल्ह्यात फिरला, मुख्याध्यापक स्वतः बरोबर आले, तेव्हा तक्रार नोंदवली गेली. प्रेमराजला बोलावणं गेलं. आम्हाला विश्वासाच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या माणसाने खुर्चीवर बसायच्या आधी नाव सांगितलं.

हिलाल नाना.

बंगल्याची गच्ची. तिथून फाटक दिसतं. फोटो उंचावरून का होता ते तेव्हा कळलं. ज्या माणसाने नाव झाकून आग लावली, तोच पाच मिनिटांनी नाव लावून हात जोडून लोकांना सबुरीचा सल्ला देत होता. आणि मी त्याला शहाणा म्हटलं होतं!

नानांना बोलावलं तेव्हा ते मुमताजशी बोललेच नाहीत. फौजदारांकडे वळून म्हणाले, "साहेब, मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. जनजागृतीच्या हेतूने टाकलं होतं. गावात माझी काही इज्जत आहे. हे बाहेर जाऊ नये."

मुमताज म्हणाली, "नाना, माझं नाव नाही घेतलं, माझं तोंड लावलं. स्वतःचं नावही नाही, तोंडही नाही."

"तू मला चारचौघांत बोलली होतीस," नाना एकदम म्हणाले. सगळं बाहेर आलं त्या एका वाक्यात.

"बोलले. तुमच्या दारात उभी राहून, तुमच्या तोंडावर बोलले. तुम्हालाही माझं काही खटकलं असेल तर माझं दार कुठे बंद होतं? तिथे येऊन दोन शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. तुम्ही पोरांनी भरलेल्या रिक्षाच्या अंगावर गाव सोडलं."

नाना म्हणाले, मी सगळ्यांना खाजगीत समजावून सांगेन. मुमताज म्हणाली, "खाजगीत नाही. जिथे टाकलं तिथेच, तुमच्या नावाने, तुमच्या फोटोसकट. कापलेला भाग पण लावा. मॅडम त्यात पाहिजेत." तक्रार तिने मागे घेतली नाही. ती म्हणाली, ते वेगळं, हे वेगळं.

नानांनी लिहिलं. लिहावंच लागलं. "माझ्याकडून गैरसमजातून एक पोस्ट झाली..." असं सुरू करून चार ओळींत आटोपलं. आणि खाली लोकांनी काय लिहावं? "नाना, मनाचा मोठेपणा लागतो चूक कबूल करायला." "तुमच्यासारखी माणसं समाजाला हवीत." हार घालायचे तेवढे बाकी होते. मुमताजविषयी त्या सगळ्यात एक ओळ नव्हती. फोटो ज्या झपाट्याने गावभर गेला होता, त्याच्या चौथाई लोकांनीही ही माफी वाचली नसेल. शेजारच्या खेड्यांत तो फोटो अजून फिरतो, असं आयत सांगते.

ग्रुप चालवणाऱ्यालाही जबाबदार धरू, असं पोलिसांनी ठणकावल्यावर प्रेमराजने नाव न देता लिहायची सोय बंद केली आणि स्वतः फोन करून मला परत ग्रुपमध्ये घेतलं. त्यानंतर तो ग्रुप इतका सभ्य झालाय की ओळखू येत नाही. वाढदिवस, श्रद्धांजल्या, पाण्याची वेळ. माणसं तीच आहेत. नुसती वर नावाची पाटी लागली, तर सगळ्यांच्या जिभेला लगाम बसला. ज्यांना तो सोसला नाही त्यांनी दुसऱ्या नावाचा नवा ग्रुप काढलाय, तिथे नाव लागत नाही. तिथे आता कुणाचा फोटो आहे मला माहीत नाही. नाक्यावरच्या पोरांची केस चालू आहे. तारखा पडतात.

मुमताजने नवी काच बसवली आणि पुन्हा रिक्षा काढली. निम्मी मुलं परत आली. बाकीच्या पालकांनी व्हॅन लावल्या. कारण विचारलं तर म्हणतात, "तसं काही नाही हो, पण उगाच कशाला." या 'उगाच कशाला'ला कुठल्या चौकीत तक्रार द्यायची, ते मला कुणी सांगावं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात फाटकाशी दिपमाला आली. चिकूला व्हॅनमध्ये उलट्या होतात, तो मावशीचाच हट्ट धरून बसलाय, तेव्हा पुन्हा रिक्षात घ्याल का, असं ती मुमताजला विचारत होती. मी शेजारीच उभी होते.

मुमताज म्हणाली, "चिकूला मी कधीही नेईन. त्याने भर गर्दीत माझं नाव घेतलं होतं. तुम्ही अजून घेतलेलं नाही, ताई."

"आता वर्ष होत आलं," दिपमाला म्हणाली. "आता लिहून काय उपयोग?"

"मला आहे."

दिपमालाने मोबाईल काढला. नवऱ्याला फोन लावते म्हणाली, नंबर काढला, आणि लावला नाही. मग तिथेच, रिक्षाच्या हुडाला टेकून, ती लिहायला लागली. लिहून तिने मोबाईल आधी मुमताजला दाखवला, मग मला. "मागच्या वर्षी ज्या फोटोवरून मुमताज शेख यांना त्रास झाला, त्या फोटोतला मुलगा माझा आहे. त्या दिवशी त्यांनी त्याला सुखरूप माझ्या हातात दिलं होतं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प बसले." खाली तिचं नाव, आडनावासकट.

पोस्ट गेली. मुलं रिक्षात बसेपर्यंत पहिलं उत्तर आलं. प्रेमराजचं. "ताई, जुना विषय आहे. ग्रुपमध्ये वाद नको. कृपया पोस्ट काढावी."

दिपमालाने ते मोठ्याने वाचलं. तिने तिथल्या तिथे प्रेमराजला फोन लावला आणि म्हणाली, "भाऊ, काढणार नाही. तुम्हाला काढायची असेल तर तुमच्या नावाने काढा, आणि का काढली ते खाली लिहा."

मुमताजने चिकूचं दप्तर उचलून आत ठेवलं आणि रिक्षा सुरू केली.